हिस्टिडीनचे शोधक आल्ब्रेख्त कोसेल

जर्मनीच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्रानजीक, रॉस्टॉक नांवाचें जुनें बंदर आहे. तेथें एका व्यापाऱ्याच्या घरीं ता. १६ सप्टेंबर १८५३ रोजीं आल्ब्रेख्त कोसेल यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांचें मन वनस्पतींत रमलेलें असे व तेंच शास्त्र पुढें शिकावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांचा आग्रह वैद्यकाचा पडला. परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्याही घरोघरीं हा वाद ऐकूं येतोच! मुलानें वडिलांचें ऐकिलें आणि १८७२ सालीं तो स्ट्रासबर्गच्या विद्यापीठांत गेला.

तेथें होप-झायलर या रसायनशास्त्रज्ञांची गांठ पडली. १८७७ सालीं कोसेल वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले खरे, परंतु रोग्यांकडे न वळतां ते याच गुरूंच्या प्रयोगशाळेंत परत आले. सजीवांच्या पेशीकेंद्रांत कोणतीं द्रव्यें असतात, हा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला व तो जन्मभर सोडिला नाहीं. १८८३ सालीं ते बर्लिनला गेले. मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्र नसतें, पक्ष्यांच्या पेशींत तें असतें. म्हणून त्यांनीं हंसवर्गीय पक्ष्याचें रक्त घेतलें व त्यांतून १८८४ सालीं हिस्टोन नांवाचें प्रथिन वेगळें केलें. पुढच्याच वर्षीं ॲडेनीन सांपडलें. थायमीन व सायटोसीन हीं त्यानंतरचीं. आनुवंशिकतेची लिपि ज्या चार अक्षरांनीं लिहिलेली आहे त्यांपैकीं हीं तीन होत. परंतु ही लिपि आहे, हें त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें.

१८९५ सालीं ते मारबुर्गला आले. नर माशाच्या बीजपेशींत केंद्राचा भाग फार मोठा असतो व त्यांतील प्रथिनें रचनेनें साधीं असतात. स्टर्जन माशाचें असें प्रथिन त्यांनीं गंधकाम्लांत उकळून फोडिलें, आणि पाऱ्याच्या एका क्षारानें त्यांतून एक नवें द्रव्य खालीं बसविलें. हेंच हिस्टिडीन; साल १८९६. त्याच वर्षीं स्वीडनचे हेडिन यांसही तें स्वतंत्रपणें मिळालें, तेव्हां मान दोघांचाही आहे.

हिस्टिडीनच्या अंगीं पांच परमाणूंचें एक कडें असतें. तीन कर्बाचे, दोन नत्राचे. आपल्या रक्तांतील लोह या कड्यानेंच प्रथिनाशीं जखडलेलें आहे. हिस्टिडीनमधून कर्बाम्लवायु निघून गेला कीं हिस्टामीन बनतें. शिंका, खाज व अंगावर उठणाऱ्या गांधी हीं बहुतांशीं त्याचींच कामें! बांगड्यांत हिस्टिडीन विपुल असतें. तो उन्हांत राहिला तर जंतु त्याचें हिस्टामीन करितात, आणि मग कितीही शिजविलें तरी तें विष जात नाहीं. कोंकणांतील मातांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१९०१ सालीं कोसेल हायडेलबर्गला गेले व १९१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९१३ सालीं पत्नी वारली. मागोमाग पहिलें महायुद्ध आलें आणि जर्मनींत अन्नाची टंचाई पडली. वांटून दिलेलें अन्न प्रजेस पुरेसें आहे, असें त्यांनीं जाहीर करावें म्हणून सरकारकडून त्यांच्यावर दडपण आलें. प्रथिनांचा एवढा मोठा जाणकार होय म्हणाला असता तर लोकांनीं विश्वास ठेविला असता. म्हणूनच त्यांचा शब्द सरकारास हवा होता. युद्धाच्या दिवसांत सरकारास नकार देणें सोपें नव्हे. कोसेल यांनीं मात्र असत्यास सत्य म्हणण्याचें साफ नाकारिलें.

१९२४ सालीं ते अध्यापनांतून निवृत्त झाले, तरी प्रयोगशाळा सुटली नाहीं. ता. ५ जुलै १९२७ रोजीं हायडेलबर्ग येथें त्यांचें देहावसान झालें. माशांच्या बीजपेशींतील व हिस्टोनवर्गांतील प्रथिनांवरचा त्यांचा ग्रंथ पुढील वर्षीं, १९२८ सालीं, इंग्रजींत प्रसिद्ध झाला.