संत लुई मार्टिन : मनोरुग्णालयातून संतपदाकडे

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई व संत झेली मार्टिन ह्या दांपत्याचा सण साजरा करते. बाळ येशूच्या संत तेरेजाचे हे मातापिता. लुई ह्यांच्या आयुष्यातील सव्वातीन वर्षे मनोरुग्णालयात गेली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

लुई ह्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. ते व्यवसायाने घड्याळजी होते. १८५८ साली त्यांचा झेली ह्यांच्याशी विवाह झाला. नऊ अपत्यांपैकी चार बालपणीच देवाघरी गेली. १८७७ साली झेली कर्करोगाने निवर्तल्या व पाच मुलींना घेऊन लुई लिझ्यू येथे राहावयास आले.

१ मे १८८७ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते सावरले, परंतु मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार बळावत गेला. तरीही त्याच महिन्यात त्यांनी तेरेजाला कार्मेल मठात जाण्यास आनंदाने संमती दिली. पुढे त्यांची स्मृती ढळू लागली. जून १८८८ मध्ये ते कोणासही न सांगता घरातून निघून गेले व काही दिवसांनी ल हाव्र ह्या बंदरात सापडले. नंतर त्यांना भास होऊ लागले. लढाई पेटली आहे अशा भ्रमात मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी पिस्तूल हाती घेतले. अखेर १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना कां शहरातील धर्मभगिनींच्या 'बों सोव्हर' मनोरुग्णालयात दाखल करावे लागले.

कुटुंबाला दुहेरी दुःख सोसावे लागले. मुली मठात गेल्या म्हणूनच बापाला वेड लागले, अशी कुजबुज गावात सुरू झाली. त्याच वर्षी मालमत्तेचा कारभार सोडून देण्याच्या कागदावर लुई ह्यांना सही करावी लागली. मुलींचा आपल्यावर विश्वास उरला नाही, ह्या विचाराने ते व्याकूळ झाले. स्वतःचे काय होत आहे हे त्यांना अधूनमधून उमगत होते आणि हीच त्यांची सर्वांत मोठी वेदना होती.

ह्या विकारावर त्याकाळी औषध नव्हते. शांत दिनक्रम, देखरेख, प्रार्थनामंदिर आणि माणसांचा सहवास, एवढाच उपचार होता. मन स्थिर असे तेव्हा लुई प्रार्थनेत रमत आणि आपल्याला मिळालेला खाऊ इतर रुग्णांना वाटत. सेलिन व लिओनी ह्या मुली काही काळ कां येथेच राहिल्या, जेणेकरून त्यांना वडिलांना भेटता यावे.

पाय लुळे पडल्यावर त्यांच्या निघून जाण्याची भीती उरली नाही, म्हणून १० मे १८९२ रोजी त्यांना घरी आणण्यात आले. ते बरे झाले नव्हते, पण कुटुंबातील आपल्या जागी परतले होते. सेलिनने मठप्रवेश लांबणीवर टाकून सेवकांच्या मदतीने त्यांची शुश्रूषा केली. चाकांच्या खुर्चीतून त्यांना बागेत फिरवले जाई. २९ जुलै १८९४ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यानंतरच, सप्टेंबरमध्ये, सेलिन कार्मेलवासी झाली. तेरेजाने वडिलांच्या विटंबनेत दुःखी ख्रिस्ताचे पवित्र मुखमंडल पाहिले.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी लुई व झेली ह्यांना संतपद बहाल केले.

मेंदूची इजा व मानसिक आजार एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्यास आज औषधे, व्यायामोपचार व समुपदेशन उपलब्ध आहेत. तरीही पुनर्वसन म्हणजे पूर्वीचा माणूस जसाच्या तसा परत मिळणे नव्हे. आहे त्या माणसाला घरात, मिस्साबलिदानात व समाजात सन्मानाने जागा देणे म्हणजे पुनर्वसन. आपल्या धर्मग्रामातील अशा एखाद्या घराचे दार आपण कुजबुज न करता ठोठावू या.