घंटा ओतणाऱ्यांच्या घरात टॅपेट गप्प झाले

तुमच्या गँगमध्ये एक तरी बुलेटवाला असणारच. पहिला पाऊस पडला की मुरबाडहून टोकावडे करत माळशेजकडे निघणाऱ्या गाड्यांत त्याची गाडी सगळ्यांत पुढे. किन्हवलीकडून येणारा शहापूरचा ग्रुप सरळगावला चहासाठी थांबलेला. पुढच्या वेळी तिथे एक गोष्ट करून बघा. डोळे मिटा आणि नुसते आवाज ऐका. एखादी मामा-काकांच्या काळातली, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची जुनी बुलेट असेल, तर तिच्या धडधडीत एक बारीक टकटक मिसळलेली ऐकू येईल. शिलाई मशीन चालल्यासारखी. मुरलेला मेकॅनिक गाडीकडे न बघताच सांगतो, टॅपेट लूज झालेत. 2009 च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनाची बुलेट असेल तर ती टकटक नसते, आणि तिच्या मालकाला टॅपेट सेटिंग म्हणजे काय हे बहुतेक वेळा माहीतही नसतं. त्याला ते कधी करावंच लागलेलं नाही. इंजिनातलं ऑइल ते काम आपोआप करतं.

हे काम ऑइलवर सोपवण्याची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती करणाऱ्या माणसाचं नाव आमेदे बोले. हो, बोलेच. आपल्याकडच्या बोल्यांशी काही संबंध नाही, हा माणूस फ्रान्सचा. मोटारीच्या इतिहासाचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांतच हे आडनाव भेटतं. आणि गंमत अशी की आडनाव बोले आणि घराण्याचा पिढीजात धंदा आवाजाचा. त्या घरातला हा मुलगा मात्र आवाज बंद करण्याच्या मागे लागला.

आधी ती टकटक कुठून येते ते बघू. तुमच्यातले जे आयटीआयला मोटर मेकॅनिक ट्रेडला आहेत त्यांनी हा भाग सोडून द्या. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि जळलेला धूर बाहेर सोडणारा दुसरा. फिरणारा कॅम टॅपेटला ढकलतो, टॅपेट व्हॉल्व्हला. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. आता लोखंड तापलं की वाढतं. सगळे भाग एकमेकांना अगदी चिकटून बसवले तर तापल्यावर व्हॉल्व्हला पूर्ण मिटायला जागाच उरणार नाही. आग त्या फटीतून निसटेल, व्हॉल्व्हची कड जळेल, गाडीचा दम जाईल. म्हणून थोडी फट मुद्दाम ठेवतात. किती? वहीच्या एका-दोन कागदांच्या जाडीएवढी. फीलर गेजची पातळ पट्टी सरकवून ती मोजतात. पण फट ठेवली की प्रत्येक फेऱ्याला धातूवर धातू आपटणार. तीच ती टकटक. भाग झिजतात, फट वाढते, पुन्हा पाना आणि पट्टी घेऊन बसा. टाइट केलं तर व्हॉल्व्ह जळतो, लूज ठेवलं तर आवाज. यातून सुटका नाही असंच सगळे धरून चालले होते.

आता फ्रान्सला जाऊ. पॅरिसपासून दोनेकशे किलोमीटरवर ल माँ नावाचं गाव आहे. चोवीस तासांच्या मोटार शर्यतीमुळे तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल. ती शर्यत 1923 मध्ये सुरू झाली. त्याच्या किती तरी आधी, 1840 च्या दशकात, अर्नेस्ट-सिल्व्हेन बोले हा घंटा ओतणारा कारागीर ल माँच्या शेजारी येऊन स्थिरावला. तोवर हे लोक फिरस्तेच असत. रस्ते खराब, घंटा अवजड, म्हणून चर्चच्या आवारातच खड्डा खणून, साचा करून, तिथल्या तिथे काशाचा रस ओतायचा. तुम्ही ट्रेकला भीमाशंकरला गेला असाल तर तिथली मोठी घंटा पाहिली असेल. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा अशाच कुठल्या तरी ओतकाराच्या हातची. घंटेची जाडी जरा चुकली की सूर चुकतो, आणि एकदा थंड झालेल्या घंटेत फारशी दुरुस्ती करता येत नाही. आमेदेच्या घरात मोजमापाला पिढ्यान्‌पिढ्या मान होता, तो असा.

पण आजोबा घंटांवर थांबले नाहीत. 1857 मध्ये त्यांनी हायड्रॉलिक रॅमचं सुधारलेलं पेटंट घेतलं. रॅम म्हणजे मेंढा. उतारावरून नळातून वेगाने येणारं पाणी एकदम अडवायचं. पाणी दाबता येत नाही, त्यामुळे ते मेंढ्यासारखी धडक मारतं. त्या धडकेने एक झडप उघडते आणि थोडंसं पाणी वर, उंचावरच्या टाकीत चढतं. झडप मिटते, कारण ती एकाच दिशेने उघडणारी. परत धडक, परत थोडं पाणी. ना इंधन, ना माणूस. विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात, त्याच जातीची ही झडप.

इथे शहापूरकर थोडे अस्वस्थ होतील. भातसा, तानसा, मोडक सागर उशाला. ते पाणी नळांतून मुंबईला उतरतं आणि एप्रिल-मे आला की वरचे पाडे टँकरची वाट बघतात. पाण्याच्याच जोरावर पाणी वर चढवणारं यंत्र दीडशे वर्षांपूर्वी होतं, हे वाचून तुमच्याही डोक्यात काही तरी आलं असणार. लगेच हुरळून जाऊ नका, रॅमला वाहतं पाणी आणि उतार लागतो. आटलेल्या ओहोळावर तो चालत नाही. असो. झडपेची गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

आजोबांनी पुढे तीन मुलांत तीन कामं वाटली. एकाकडे रॅम, एकाकडे पाणी उपसणारी पवनचक्की, आणि आमेदे नावाच्या मुलाकडे घंटा. या आमेदेचं, म्हणजे आपल्या नायकाच्या वडिलांचं, घंटांत मन रमेना. 1873 मध्ये त्यांनी वाफेवर चालणारी बारा माणसांची गाडी बनवली. तिला नाव दिलं आज्ञाधारक अशा अर्थाचं, कारण हात फिरवला की ती सांगाल तिकडे वळत असे. त्या काळी याचं कौतुक होतं. 1875 मध्ये ती गाडी ल माँहून पॅरिसला अठरा तासांत पोहोचली, आणि वाटेत नियमभंगाच्या तब्बल पंचाहत्तर पावत्या फाटल्या असं सांगतात. आपल्याला ई-चलन नवं वाटतं!

आपला आमेदे जन्मला 30 जानेवारी 1867 ला. बापलेकांचं नाव एकच, म्हणून इतिहासकार त्याला धाकटा आमेदे म्हणतात. ज्या वयात तुम्ही एफवायच्या ॲडमिशनसाठी रांगेत उभे होता, साधारण त्या वयात तो वडिलांबरोबर दोन माणसांच्या छोट्या वाफेच्या गाडीवर काम करत होता. त्याचा धाकटा भाऊ लेऑन तर आणखी वरचढ. एकोणिसाव्या वर्षी त्याने गुणाकार थेट करणारं गणकयंत्र तयार केलं आणि 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं. पुढे 1908 मध्ये विल्बर राइट युरोपला विमान उडवून दाखवायला आला, तेव्हा त्याचं विमान जोडलं गेलं ते याच लेऑनच्या कारखान्यात. असा भाऊ घरात असल्यावर काय होतं, ते ज्यांच्या घरी टॉपर भावंड आहे त्यांना सांगायला नको.

1896 मध्ये धाकट्या आमेदेने पेट्रोलची पहिली मोटार केली. डी डीट्रिख या मोठ्या कारखान्याने तिचे हक्क विकत घेतले. 1898 च्या पॅरिस-ॲमस्टरडॅम शर्यतीत त्याची गाडी तिसरी आली. तिचं अंग हलक्या मिश्रधातूचं आणि पुढून टोकदार, होडीसारखं. हवा कापत जावी म्हणून. बाकीच्या गाड्या तेव्हा घोडा काढून घेतलेल्या टांग्यासारख्या दिसत होत्या. पुढच्याच वर्षी त्याने चेसिस खाली घेतलेल्या, मागे चार सिलिंडरचं इंजिन असलेल्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. नंतर तो शर्यतींतून बाजूला झाला.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला खरा निर्णय हाच. वेगाच्या मागे धावणं सोडून तो उत्तम गाड्या करू लागला. थोड्या, महागड्या, शांत. मोटारीत बसलेल्या माणसाला इंजिनाचा खडखडाट ऐकू येऊ नये हे त्याला महत्त्वाचं वाटलं. बाकी सगळं गुळगुळीत झालं की जी टकटक उरते ती टॅपेटची. 1910 च्या सुमारास त्याने तिच्यावर ऑइलचा उतारा काढला.

हायड्रॉलिक टॅपेट आतून कसा असतो? टॅपेट भरीव न ठेवता पोकळ करायचा. आत बारीक दट्ट्या, खाली हलकी स्प्रिंग, आणि एकाच दिशेने उघडणारी चिमुकली झडप. इंजिनाच्या पंपाकडून येणारं ऑइल आत शिरतं. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग दट्ट्याला हळूच वर सारते, फट भरून निघते, मोकळी झालेली जागा ऑइल घेतं. कॅम ढकलायला लागला की झडप मिटते, ऑइल आत कोंडतं. द्रव दाबता येत नाही, त्यामुळे तो पोकळ टॅपेट त्या क्षणापुरता लोखंडासारखा भरीव होतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. दट्ट्याच्या कडेने किंचित ऑइल झिरपतं, म्हणून तापून भाग वाढले तरी व्हॉल्व्ह अडकत नाही. पुढच्या फेरीला पुन्हा भरणा. फट शून्य, आपटणं बंद, पाना-पट्टी कपाटात.

आजोबांचा रॅम आठवला? तीच एकमार्गी झडप, तेच न दाबलं जाणारं पाणी. फक्त पाण्याच्या जागी ऑइल. त्याने हे घरातूनच उचललं असं लिहिलेलं कुठे माझ्या वाचनात नाही, पण ज्या घरात काका रॅम बनवत होते त्या घरातल्या मुलाला ही गोष्ट कुणी वेगळी शिकवली असेल असं मला वाटत नाही.

मग जगाने ती लगेच उचलली का? नाही. हा टॅपेट चालायला तीन गोष्टी लागतात. दट्ट्या आणि भोक यांच्यात मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी कमी फट, दाबाने येणारं ऑइल आणि ते ऑइल स्वच्छ. एक कण झडपेत अडकला की टॅपेट बसलाच. तेव्हाच्या कित्येक इंजिनांत ऑइल नुसतं उडवलं जात होतं, दाबाने पोहोचतच नव्हतं. मोटारीत ऑइल फिल्टर यायला 1923 उजाडलं. शिवाय 1908 पासून अमेरिकेत हेन्री फोर्ड मॉडेल टी विकत होता. त्या गाडीत टॅपेट ॲडजस्ट करायची सोयच नव्हती, ती खडखडायची, आणि दीड कोटी खपली. लोकांना शांत नाही, परवडणारी गाडी हवी होती. तुम्हीही पहिली गाडी घेताना किमतीकडेच आधी बघाल, मीही बघितलं होतं.

लेऑन 1913 मध्ये गेला, वडील 1917 मध्ये, महायुद्ध चालू असतानाच. युद्धानंतर बोलेंच्या मोटारी जवळजवळ थांबल्या आणि आमेदेचा कारखाना पिस्टन रिंगा बनवू लागला. दुसऱ्यांच्या इंजिनांसाठी. ही पडझड म्हणायची का? मला तसं वाटत नाही. रिंग म्हणजे पुन्हा केसाएवढ्या फटीचा आणि अचूक मापाचाच मामला. जे त्याला येत होतं तेच तो करत राहिला, फक्त बॉनेटवर नाव राहिलं नाही.

13 डिसेंबर 1926 ला तो वारला. जेमतेम तीन वर्षांनी, जानेवारी 1930 मध्ये, कॅडिलॅकने सोळा सिलिंडरची मोटार आणली आणि तिचे व्हॉल्व्ह गप्प ठेवायला ऑइलचा दाब वापरला. सोळा सिलिंडर म्हणजे बत्तीस व्हॉल्व्ह, इतक्यांची टकटक कोण सहन करणार? पुढे अमेरिकेत ही पद्धत रुळली, मग जगभर, आणि खूप उशिरा आपल्या बुलेटमध्ये.

आता परत सरळगावला या. नव्या इंजिनाची बुलेट बरेच दिवस उभी राहिली असेल तर सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद तीही टकटक करते. घाबरून गॅरेजला पळू नका. रात्रीतून टॅपेटमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, पंप ते पुन्हा भरत असतो. थोडं थांबा, रेस करू नका. आवाज मिनिटभराने बंद झाला नाही तर मात्र ऑइल कधी बदललं होतं ते आठवून बघा.