गजानन माधव मुक्तिबोध : मराठी घरातला हिंदी लेखक

जबलपूर : येथील नेपियर टाउन हा भाग हिंदी वाचकांना प्रामुख्याने व्यंगकार हरिशंकर परसाई यांच्या पत्त्यामुळे परिचित आहे. परसाई यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांच्या निकटच्या मित्रांपैकी एक असलेले गजानन माधव मुक्तिबोध हे जन्माने मराठी. आधुनिक हिंदी कवितेतील अग्रगण्य नावांत त्यांची गणना होते. महाराष्ट्रात मात्र ते बहुधा शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले बंधू म्हणूनच ओळखले गेले.

मुक्तिबोध घराणे मूळचे खानदेशातील जळगावचे. उपजीविकेच्या शोधात पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात आले आणि तेथेच स्थायिक झाले. मूळ आडनाव कुलकर्णी. एका पूर्वजाने लिहिलेल्या ग्रंथावरून मुक्तिबोध हे नाव रूढ झाले, अशी घराण्यात समजूत आहे. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे गजानन यांचा जन्म झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण गावोगावी झाले. घरात मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, असे त्यांचे बालपण गेले. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. पदवी घेतली आणि पुढील वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी प्रेमविवाह केला.

पुढे हे दोघे बंधू दोन भाषांत गेले. शरच्चंद्र यांनी नागपुरात प्राध्यापकी केली आणि मराठीत कवी, कादंबरीकार व समीक्षक म्हणून लौकिक मिळवला. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना लाभला. गजानन यांनी हिंदीची वाट धरली. अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या १९४३ मधील संग्रहातील सात कवींत त्यांचा समावेश होता. त्या सातांमध्ये प्रभाकर माचवे हे आणखी एक मराठीभाषक होते, ही बाब मराठी वाङ्मयेतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही.

कीर्तीने पोट भरत नव्हते. बडनगर, शुजालपूर, उज्जैन येथील शाळांतून अध्यापन, नंतर बनारसला ‘हंस’ मासिकात काम, अशी भटकंती करत १९४६ च्या सुमारास ते जबलपूरला आले. येथे हितकारिणी शाळेत शिकवणे आणि ‘जयहिंद’ दैनिकात काम करणे अशी दुहेरी नोकरी त्यांनी केली. त्यानंतर नागपुरात माहिती विभाग आणि पुढे आकाशवाणी. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले. त्या सुमारास सरकारी नोकरी सोडून ते ‘नया खून’ या साप्ताहिकाच्या संपादनाकडे वळले. कर्जाने मात्र त्यांची पाठ कुठेच सोडली नाही.

जबलपूर सुटले तरी येथील मैत्री सुटली नाही. परसाई यांनी १९५६ मध्ये ‘वसुधा’ मासिक सुरू केले आणि मुक्तिबोध यांच्याकडून डायरीच्या रूपातील लेख लिहवून घेतले. कवितेची निर्मिती कशी होते, लेखक स्वतःशी कोठे अप्रामाणिक होतो, हे प्रश्न त्यांनी दोन मित्रांच्या गप्पांच्या ओघात मांडले. ‘एक साहित्यिक की डायरी’ हे त्यांचे पुस्तक याच लेखांतून उभे राहिले. साधने तुटपुंजी असलेल्या एका मासिकाने हिंदी समीक्षेला दिलेली ही मोठी देणगी होय.

१९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापकपद मिळाले आणि प्रथमच काहीसे स्थैर्य आले. महाविद्यालय जुन्या राजवाड्यात होते. मुक्तिबोध यांचे बिऱ्हाड त्याच आवारातील एका जुनाट इमारतीत, तलावांच्या सान्निध्यात होते. अंधारे जिने, ओसाड विहिरी, तळघरे ही त्यांच्या कवितेतील सृष्टी केवळ कल्पनेची नव्हती. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेची जडणघडणही याच वर्षांतली. ‘विपात्र’ ही त्यांची लघुकादंबरी छोट्या गावातील शिक्षणसंस्थेत घडते. तेथील सुशिक्षित अध्यापक संस्थेच्या प्रमुखापुढे दरबारी होऊन बसतात. विचार करण्याची क्षमता असलेला माणूस नोकरीपायी स्वतःला किती गहाण टाकतो, हाच तिचा विषय. लेखकाने या प्रश्नातून स्वतःला वगळलेले नाही, हे तिचे बळ आहे.

प्राध्यापकाच्या तुटपुंज्या वेतनाला जोड म्हणून त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यातून कर्ज फिटेल, अशी आशा होती. परंतु पुस्तकातील काही मजकुरावरून आंदोलन झाले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. आर्थिक हानीपेक्षा या घटनेने त्यांच्या मनावर झालेला आघात अधिक खोल होता. आयुष्यभर कवितेत रंगवलेले भय आता दारात येऊन उभे आहे, असे त्यांना वाटू लागले. परसाई यांच्यासह मित्रांनी त्यांना सावरण्याचा प्रयत्न केला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हलवण्यात आले. लेखकमित्रांनी धावपळ केली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लक्ष घातल्यानंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत उपचारांची व्यवस्था झाली. तथापि दीर्घ बेशुद्धीतून ते परतले नाहीत. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयाची ४७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

दोन दशकांहून अधिक काळ लिहिणाऱ्या या कवीचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच्या हयातीत वाचकांसमोर आला नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह भारतीय ज्ञानपीठाने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. त्याची सिद्धता कवी रुग्णशय्येवर असताना मित्रांनी केली होती. ‘अंधेरे में’ नोव्हेंबर १९६४ मध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात छापली गेली. ‘काठ का सपना’ हा कथासंग्रह १९६७ मध्ये, तर ‘विपात्र’ १९७० मध्ये आली. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची रचनावली प्रकाशित झाली. शुजालपूरच्या शाळेत ते मुक्तिबोध यांचे सहकारी होते.