विश्लेषण : सेनापती बापटांचा काळ, बॉम्बमधील पिवळे रसायन आणि आजची रक्तचाचणी

वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या लॅबमध्ये मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्त दिले आहे? क्रिएटिनिनची प्रचलित चाचणी ज्या पिवळ्या पिक्रिक आम्लावर चालते, ते कधीकाळी बॉम्बमध्ये भरले जाई. सेनापती बापटांचे तरुणपण त्याच काळातले.

बापट पॅरिसला का गेले?
पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म पारनेरचा, १२ नोव्हेंबर १८८०. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनीअरिंग शिकायला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या शिकून १९०८ मध्ये ते परतले. सोबत शिकलेल्या हेमचंद्र दास यांनी न्यायाधीश किंग्जफोर्डला पुस्तकात दडवून पाठवलेल्या बॉम्बमध्ये पिक्रिक आम्लच होते. ते पुस्तक उघडले गेले नाही.

हे रसायन धोक्याचे का?
आधी ते रेशीम रंगवायला वापरत. पुढे तोफगोळ्यांत आले. धातूशी संपर्क आला की त्याचे क्षार, म्हणजे पिक्रेट तयार होतात. क्षाराचा स्वभाव जोडीदारावर ठरतो. शिशाचा पिक्रेट धक्क्याने वा घर्षणानेही फुटतो. अमोनियमचा मात्र इतका शांत, की जाड चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांत तो भरत. गोळ्याच्या धातूशी होणाऱ्या या क्रियेमुळेच पुढे पिक्रिक आम्लाची जागा टीएनटीने घेतली.

बापटांचे पुढे काय झाले?
एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला किंग्जफोर्डसाठी टाकलेल्या बॉम्बने दोन निरपराध स्त्रियांचा बळी घेतला. धरपकड सुरू झाली आणि बापट भूमिगत झाले. देशभर हिंडताना त्यांना दिसले, की आपण परक्यांच्या राज्यात आहोत हेच बहुसंख्य लोकांना ठाऊक नाही. १९१२ मध्ये अटक झाली. सुटकेनंतर त्यांनी लोकजागृती आणि गावसफाई हाती घेतली. स्वतः झाडू घेऊन ते रस्ते झाडत. १९२१ मध्ये धरणात जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह उभारला आणि ते सेनापती झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हस्ते फडकला. २८ नोव्हेंबर १९६७ ला त्यांचे निधन झाले.

आज काळजी काय घ्यावी?
पिक्रिक आम्ल किमान ३० टक्के पाण्याने ओले ठेवतात. कॉलेज वा लॅबच्या कपाटात जुनी, सुकलेली बाटली आढळली, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. खोली रिकामी करून पोलिसांना कळवा. सिंकमध्येही ओतू नका : पाइप धातूचा असेल तर आत पिक्रेट साचतात. शिवाय हे विषारी रसायन पाण्यात विरघळते, जमिनीत मुरते आणि लवकर कुजत नाही. विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या जिल्ह्याला ते परवडणारे नाही.