मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच अंगणात नेली

अंगणवाडी म्हटलं की खिचडी, वजनकाटा, लसीकरण असं सगळं आठवतं. पण सरकारी योजना होण्याआधीच अंगणवाडी डहाणू तालुक्यात भरायला लागली होती. त्यामागे होत्या ताराबाई मोडक.

१९ एप्रिल १८९२ हा त्यांचा जन्मदिवस. माहेरच्या त्या केळकर. १९१४ साली मुंबई विद्यापीठातून पदवी घेतली. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

दादरचं शिशुविहार

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. दादर-माटुंगा-शीव या पट्ट्यात तेव्हा मध्यमवर्गीय वस्ती वाढत होती. मुंबई महापालिकेची हद्द शीवपाशी संपायची. शीव या शब्दाचा अर्थच मुळी हद्द. त्या हद्दीपलीकडच्या गरीब मुलांना मात्र बालशिक्षण माहीतच नव्हतं. माँटेसरीचं महागडं साहित्य त्यांना परवडणारं नव्हतं.

शहर सोडून बोर्डीला

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत कामाला लागल्या.

बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांमधली मुलं येईनात. आईबाप मजुरीला जायचे आणि थोरली बहीण धाकट्याला सांभाळायची. मुलं येत नाहीत म्हणून ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. महागड्या साहित्याच्या जागी खडे, शिंपले, बिया आणि पानं आली.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. त्यामुळे बहीण धाकट्या भावंडाला घेऊनच शाळेत येऊ शकायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत असायची, तिथेच शिकवणं व्हायचं.

योजना आली, पण...

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

आदिवासी भाग विखुरलेला असतो. म्हणून तिथे लोकसंख्येची अट शिथिल करून छोट्या वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची सोय करण्यात आली. सेवा मुलाच्या दारात जावी, हीच ताराबाईंची कल्पना. त्यामुळे एखाद्या पाड्यावरची मुलं अंगणवाडीत दिसत नसतील, तर पालक मुलं का पाठवत नाहीत हे विचारण्याआधी अंगणवाडी त्या पाड्यापासून किती लांब आहे, हे बघायला हवं.