गणेशपुरीचे गरम पाणी आणि नित्यानंद

जर्मनीत औषधी झऱ्यांच्या गावांच्या नावाआधी 'बाड', म्हणजे स्नान, हा शब्द लागतो. तिथली ही गावे डॉक्टर, हॉटेलवाले आणि नगरपालिका यांनी उभी केली. आपल्या ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी असेच एक गाव वाढले, पण ते एका लंगोटी नेसलेल्या, फारसे न बोलणाऱ्या माणसाभोवती.

भगवान नित्यानंदांचे जन्मसाल नक्की ठाऊक नाही. केरळातल्या कोयिलांडी भागात सापडलेल्या या मुलाला पुढे ईश्वर अय्यर नावाच्या वकिलांनी सांभाळले, असे चरित्रकार सांगतात. मग भटकंती, कान्हनगडच्या गुंफा, मंगळूर. तिथे त्यांची वचने तुळसीअम्मांनी कन्नडमध्ये टिपून ठेवली. 'चिदाकाश गीता' ती हीच. चमत्कारांच्या कथा पोतेभर आहेत. त्या मी बाजूला ठेवतो, कारण मला नवल वाटते ते त्यांनी करून घेतलेल्या कामांचे.

वज्रेश्वरी परिसरात राहून १९३६ च्या सुमारास ते गणेशपुरीत आले. शेजारच्या वज्रेश्वरीला चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतील नवसामुळे थाटाचे मंदिर लाभले होते. इथे भीमेश्वराचे जुने देऊळ, गरम पाण्याची कुंडे, रान आणि आदिवासींचे पाडे, एवढेच. नित्यानंदांनी कुंडे साफ करून बांधून घेतली, आदिवासी पोरांना पोटभर जेवू घातले. पुढे मुंबईहून भक्तांची रीघ लागली. त्यांत उडपी हॉटेलवाले पुष्कळ. रस्ते, धर्मशाळा, दुकाने त्यांच्यामागून आली.

पाण्याला गंधकाचा वास येतो, म्हणून अनेकांना खाली ज्वालामुखी असल्याची शंका येते. तसे काही नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि वर येते; पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. दुखरे सांधे या पाण्यात सैलावतात, हे मान्य. मात्र ते जुनाट आजार मुळासकट घालवते, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून इथे येणाऱ्यांची मला भीतीच वाटते.

८ ऑगस्ट १९६१ रोजी नित्यानंदांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य मुक्तानंद १९७० पासून परदेशांत गेले आणि पाहता पाहता त्यांच्या गणेशपुरीतल्या आश्रमात अमेरिकन साधक दिसू लागले. मुक्तानंद १९८२ मध्ये गेले. नित्यानंदांनी स्वतः भारताबाहेर संस्था काढली नाही, की कुणाला रीतसर वारस नेमून गेले नाहीत. त्यामुळे वारसा कोणाचा, हा वाद मात्र मागे राहिला. गावात येणारा सामान्य माणूस आधी कुंडात उतरतो आणि मग समाधीकडे वळतो.