राजाराम महाराज (कोल्हापूर संस्थान)

छत्रपती राजाराम महाराज (जन्म : ३१ जुलै १८९७, कोल्हापूर, मृत्यू : २६ नोव्हेंबर १९४०, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानाचे १९२२ ते १९४० या काळातील अधिपती होते. राजर्षी शाहू महाराजांचे ते ज्येष्ठ पुत्र. वडिलांनी घालून दिलेल्या सामाजिक धोरणाला उद्योग, वाहतूक आणि नगररचना यांची जोड देणारा राज्यकर्ता म्हणून त्यांची नोंद घेतली जाते. त्यांच्या संग्रहातील मेबॅक ही जर्मन बनावटीची मोटार आजही कोल्हापूरच्या दसऱ्यात लोकांसमोर येते. नव्या पिढीला महाराजांचे नाव पुष्कळदा या मोटारीमुळेच प्रथम कानावर पडते.

नामसाधर्म्य

कोल्हापूरच्या गादीवर राजाराम नावाचे आणखी एक छत्रपती होऊन गेले. युरोपच्या प्रवासात १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. राजाराम महाविद्यालयाचे नाव त्यांच्या स्मरणार्थ आहे. राजारामपुरी ही वसाहत मात्र प्रस्तुत लेखातील राजाराम महाराजांच्या नावाने ओळखली जाते. या दोन छत्रपतींच्या बाबतीत अभ्यासकांचीही कधीकधी गल्लत होते.

बालपण व शिक्षण

राजाराम महाराजांच्या मातोश्री लक्ष्मीबाई या बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील होत्या. वडील बंधू नसल्याने राज्याचा वारसा लहानपणापासूनच त्यांच्याकडे होता. शाहू महाराज स्वतः घोड्यांचे उत्तम जाणकार होते. नव्या घोड्यांना वळण लावण्यासाठी वापरली जाणारी खडखडा ही उघडी गाडी ते स्वतः हाकत. राजपुत्रांचे बालपण अशा रीतीने घोडे, शिकार आणि गाड्या यांच्या सहवासात गेले.

राजाराम महाराज आणि त्यांचे धाकटे बंधू शिवाजी यांना शिक्षणासाठी इंग्लंडमधील हेंडन येथे ठेवण्यात आले होते. पुढे अलाहाबादच्या ख्रिश्चन महाविद्यालयात त्यांनी शेतीविषयक शिक्षण घेतले. राजपुत्राला शेतीचे शास्त्र शिकवण्यामागे शाहू महाराजांची निश्चित दृष्टी होती. संस्थानाचे उत्पन्न आणि रयतेचे जगणे, दोन्ही शेतीवर अवलंबून होते.

विवाह व कुटुंब

१९१८ साली राजाराम महाराजांचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नातीशी झाला. विवाहानंतर त्या ताराबाई या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी शिवाजी महाराजांचे रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून निधन झाले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अल्पवयात विधवा झाल्या आणि शाहू महाराजांनी विरोध पत्करून आपल्या या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. राजाराम महाराजांचा दुसरा विवाह विजयमाला यांच्याशी झाला. पद्माराजे या त्यांच्या कन्या. महाराजांना पुत्र नव्हता.

राज्यकारभार

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले आणि चोविसाव्या वर्षी राजाराम महाराजांकडे राज्याची सूत्रे आली. ब्राह्मणेतर समाजाला शिक्षणात व नोकरीत वाव देण्याचे वडिलांचे धोरण त्यांनी मोडले नाही. १९३१ साली संस्थानाचे स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले.

त्यांच्या कारकिर्दीत शहर जुन्या पेठांच्या बाहेर वाढू लागले. शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली होती. त्यापाठोपाठ लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी आकाराला आल्या. कसबा बावडा येथे साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकारी झालेला हा कारखाना आज त्यांच्याच नावाने चालतो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास गेल्यावर कोल्हापुरातील चित्रपटव्यवसाय थंडावू नये म्हणून कोल्हापूर सिनेटोन या संस्थेला राजाश्रय मिळाला.

कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर असलेला राजाराम बंधारा ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातील आहे. अशा बंधाऱ्यात दगडी खांबांमधील खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. त्यामुळे पुराचे पाणी व गाळ अडून राहत नाही.

मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ सालीच सुरू झाला होता. राजाराम महाराजांनी त्यापुढचे पाऊल टाकून १९३९ साली उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभारला. कोल्हापूरचा आजचा विमानतळ त्याच जागी आहे.

मेबॅक मोटार

मेबॅक कंपनीचा कारखाना जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी फ्रीडरिखशाफेन येथे होता. आरंभी ही कंपनी झेपेलिन या प्रचंड हवाई जहाजांसाठी इंजिने बनवत असे. १९२१ पासून तिने मोटारी बनवण्यास सुरुवात केली. कारखाना प्रामुख्याने इंजिन व सांगाडा तयार करी आणि वरची पेटी गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे वेगळे कारागीर बांधून देत. म्हणूनच दोन मेबॅक मोटारी सहसा एकसारख्या आढळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धामुळे हे उत्पादन बंद पडेपर्यंत सुमारे १,८०० मोटारी तयार झाल्या होत्या.

राजाराम महाराजांची मोटार १९३० च्या दशकातील आहे. छत्रपतींच्या ध्वजाशी नाते सांगणारा भगवा रंग हे तिचे वैशिष्ट्य होय.

प्रजा परिषद व असंतोष

महाराजांच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे सुखाची नव्हती. शेतसाऱ्याचे ओझे आणि लोकांना कारभारात नसलेला वाटा यांमुळे संस्थानात असंतोष वाढत होता. माधवराव बागल यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटित झाले. १९३९ साली प्रजा परिषदेची स्थापना झाली आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी उघडपणे होऊ लागली. संस्थानाने चळवळ दडपण्याचा मार्ग स्वीकारला. बागल, रत्नाप्पा कुंभार आदी कार्यकर्त्यांना कारावास भोगावा लागला.

ज्या घराण्याने बहुजन समाजाला शिक्षणाची दारे उघडून दिली, त्याच घराण्याच्या सत्तेला त्या शिक्षणातून जागी झालेली माणसे प्रश्न विचारू लागली होती. विमानतळ आणि राजेशाही मोटार ही संस्थानाची शान होती. परंतु साऱ्याने वाकलेल्या शेतकऱ्याला तीच शान वेगळी दिसत होती. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

निधन व उत्तराधिकार

२६ नोव्हेंबर १९४० रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, राजाराम महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर दत्तक घेतलेले बाल शिवाजी महाराज १९४६ साली वारले. १९४७ साली देवास थोरल्या पातीचे अधिपती विक्रमसिंहराव पवार शहाजी या नावाने दत्तक येऊन गादीवर बसले. ते राजाराम महाराजांच्या भगिनी अक्कासाहेब महाराज यांचे पुत्र होत. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

वारसा

संस्थान गेले, पण मोटार राहिली. जगभरात अशा जुन्या मोटारी प्रदर्शनांना आणि शर्यतींना बहुधा दुसऱ्या वाहनामागे जोडलेल्या ट्रेलरवर चढवून, चाके पट्ट्यांनी आवळून नेतात. जुने इंजिन लांबच्या प्रवासात तापते, सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि त्या काळचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडत नाहीत. कोल्हापूरच्या मेबॅकचा वार्षिक प्रवास मात्र शहरातल्या शहरातच होतो. विजयादशमीच्या सायंकाळी राजघराण्यातील मंडळी या मोटारीतून दसरा चौकात येतात. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या तेथे आलेल्या असतात. शमीपूजन होते आणि सोने लुटले जाते. मोटारीच्या दर्शनासाठी रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होते.

महाराजांच्या नावाची दुसरी आठवण पावसाळ्यात निघते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका मानला जातो. पुराच्या दिवसांत नदीकाठची गावे आणि शहर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. दसऱ्याची मोटार पाहायला लोक हौसेने जमतात. बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी मात्र त्यांना घरदार आणि जनावरे वाचवण्यासाठी वेळेवर कळावी लागते.